बेडकीचा पाला आणि मधुमेह

कोंकणच्या रानांत व सह्याद्रीच्या उतारावर झाडाझुडपांच्या आधारानें चढलेली एक वेल फिरणारांच्या दृष्टीस पुष्कळदां पडते. परंतु तिचें नांव विचारल्यास बहुतेकांस तें सांगतां येत नाहीं. गुराख्यांस व वैदूंस मात्र ती चांगली ठाऊक असते. ते तिला बेडकीचा पाला म्हणतात. कोठें कावळी, तर कोठें वाकुंडी असेंही नांव ऐकूं येतें. हिंदींत तिला गुडमार, म्हणजे गुळास मारणारी, असें म्हणतात; आणि संस्कृतांत मेषशृंगी व मधुनाशिनी हीं नांवें तिला दिलेलीं आढळतात. तिचें शास्त्रीय नांव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे. ही वेल रुईच्या कुळांतली. तिचीं पानें समोरासमोर दोन दोन अशीं येतात व हातास किंचित् लवदार लागतात. फुलें बारीक व पिवळसर असतात. आणि फळ टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें असल्यामुळें त्यास मेंढ्याच्या शिंगाची उपमा दिली गेली. फळ वाळून उकललें म्हणजे रेशमी झुबक्याच्या बिया वाऱ्यावर तरंगूं लागतात. मुलें ज्यांस ‘म्हातारी’ म्हणून पकडावयास धांवतात, त्या रुईच्या बियांच्या ह्या चुलत बहिणी होत.

ह्या वेलीची ओळख आम्ही आज करून देतों ती केवळ वनस्पतिशास्त्राच्या हौसेनें नव्हे. तिच्या पानांचा अर्क काढून त्याच्या गोळ्या, कुप्या व चूर्णें आतां शहरोशहरीं विकलीं जातात, आणि त्यानें रक्तांतील साखर उतरते, वजन घटतें, चरबी झडते, असें त्या विकणारे सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी बाटली फडताळांत असेल. ह्या बोलण्यांत खरें किती व अद्याप सिद्ध व्हावयाचें किती, हें विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीनें येथें मांडण्याचा विचार आहे. पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण ह्या बाबतींत घोटाळा झाला तर त्याची किंमत घरांतील माणसाच्या प्रकृतीनें मोजावी लागते.

प्रथम ह्या पाल्याचा जो गुण निर्विवाद आहे तो पाहूं. ताजीं दोन पानें मिनिटभर चावून रस जिभेवर घोळवला व थुंकून टाकला, आणि मग चिमूटभर साखर तोंडांत घातली, तर ती गोड लागतच नाहीं. दांतांखालीं वाळूचे कण आल्यासारखें वाटतें. गूळ खाल्ला तर मातीचें ढेंकूळ खाल्ल्याचा भास होतो. मीठ मात्र खारट लागतें व चिंच आंबट लागते. हरपते ती गोडी तेवढी. अर्ध्या पाऊण तासानें ती हळूहळू परत येते. हा चमत्कार आमच्या देशांतील लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होता. पाश्चात्य शास्त्रज्ञांच्या कानीं तो गेला १८४७ सालीं. एजवर्थ नांवाच्या वनस्पतिप्रेमी गृहस्थास हीं पानें चघळल्यावर आपल्या चहांतील साखर लागेनाशी झाली, व फाल्कनर यांनीं ती हकीकत प्रसिद्ध केली. पुढें १८८७ सालीं उटकमंड येथें सिंकोना सालीच्या परीक्षणाचें काम करणाऱ्या डेव्हिड हूपर ह्या रसायनज्ञानें पानांतून ह्या गुणाचें द्रव्य वेगळें काढलें व त्यास जिम्नेमिक आम्ल असें नांव दिलें. तें एकच द्रव्य नसून अनेक सजातीय द्रव्यांचा समूह आहे, हें मागाहून कळलें. रिठ्यांत जें फेस आणणारें द्रव्य असतें, त्याच वर्गांतलीं हीं द्रव्यें आहेत. ही रिठ्याची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती उपयोगी पडणार आहे.

गोडी कां हरपते, ह्याचा उलगडा अगदीं अलीकडे झाला. जिभेवरील रुचिपेशींच्या पृष्ठभागावर साखरेस ओळखणारें एक प्रथिन असतें. २००१ च्या सुमारास त्याचा शोध लागला, आणि २०१४ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, जिम्नेमिक आम्ल त्या प्रथिनाच्या एका भागास जाऊन बिलगतें व त्याचें काम कांहीं वेळ बंद पाडतें. मौज अशी कीं, हा परिणाम मनुष्यावर होतो, परंतु उंदरावर ह्या आम्लाची कांहीं मात्रा चालत नाहीं. उंदराच्या जिभेस फसविणारें द्रव्य ह्याच पानांत निराळें आहे. तें गुरमारिन नांवाचें पस्तीस घटकांचें लहानसें प्रथिन होय. तें आमच्या जिभेस फसवूं शकत नाहीं.

येथवर वाद नाहीं. परंतु लोकांच्या समजुतीचा पाय घसरतो तो नेमका ह्याच ठिकाणीं. जो पाला जिभेवरील साखर मारतो तो रक्तांतील साखरही मारीत असला पाहिजे, असें अनुमान सहजच मनांत येतें; ‘मधुनाशिनी’ ह्या नांवानेंही तें दृढ होतें. पण जिभेवर साखर मरत नाहीं, मरते ती तिची रुचि. बेडकीचा पाला चघळून ज्यानें चार पेढे खाल्ले त्यास ते बेचव लागतील. तथापि पोटांत चार पेढेच जातील, आणि त्यांतील साखर नेहमींप्रमाणें रक्तांत उतरेल. ह्या गुणाचा लाभ घ्यावयाचा तर तो एवढाच कीं, गोडी गेल्यामुळें माणूस पेढे कमी खाईल. अल्पकाळच्या कांहीं प्रयोगांत तसें घडल्याचें दिसलेंही आहे: जिम्नेमाची वडी चघळलेल्या लोकांनीं पुढें ठेवलेली मिठाई कमी खाल्ली. हा लाभ लहान असला तरी खोटा नाहीं.

आतां रक्ताकडे वळूं. वयांत आलेल्या मनुष्याच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें, आणि निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तांत उपाशीपोटीं मिळून साखर किती असते? चार ते पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. जेवणानंतर ह्याच्या कितीतरी पट साखर आंतड्यांतून आंत येते. तरी रक्तांतील प्रमाण थोडें चढून दोन तीन तासांत पूर्ववत् होतें. हा तोल राखणारें मुख्य द्रव्य म्हणजे इन्शुलिन. स्वादुपिंडांतील कांहीं पेशी तें निर्माण करतात. त्याच्या आज्ञेनें स्नायू साखर आंत घेतात, आणि यकृत आपल्या साठ्यांतील साखर बाहेर सोडणें थांबवितें. अन्नाचें शरीरांत जें जुळणें व मोडणें अखंड चाललेलें असतें त्यास शास्त्रज्ञ चयापचय म्हणतात. साखर, चरबी, वजन व रक्तदाब हीं सारीं त्या एकाच गाड्याला जुंपलेलीं असल्यामुळें एक अडखळलें कीं बाकीचींही अडखळूं लागतात.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हा बहुधा मुलांस व तरुणांस होतो. दुसऱ्या प्रकारांत इन्शुलिन असतें, पण शरीर त्याची आज्ञा नीट मानीत नाहीं, आणि कालांतरानें त्या पेशीही थकतात. आमच्या आजूबाजूस जो दिसतो तो बहुतेक हा दुसरा. मधुमेह्याच्या मूत्रास मुंग्या लागतात हें आमच्या प्राचीन वैद्यांनीं हेरलें होतें. परंतु हा रोग त्या काळीं इतका सर्वव्यापी खास नसावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून, २०२१ सालीं भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष मधुमेही होते, आणि १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. सर्व प्रांतांत गोव्याचें प्रमाण सर्वांत अधिक भरलें: प्रौढांपैकीं शेंकडा २६·४. ह्या आंकड्यांकडे पाहिलें म्हणजे रानांतल्या एका वेलीकडे इतक्या लोकांचे डोळे आशेनें कां लागले असावेत हें समजतें.

ती आशा अगदीं निराधार नाहीं. ह्या पाल्याचें पद्धतशीर परीक्षण प्रथम ज्यांनीं केलें त्यांत डॉ. कृष्णाजी श्रीपत म्हसकर आणि जेझुइट पंथाचे धर्मगुरु फादर केयस हे दोघे अग्रगण्य होत. फादर केयस हे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें औषधिशास्त्राचें काम पाहत असत. दोघांचा ह्या वेलीवरील निबंध १९३० सालीं प्रसिद्ध झाला, व प्राण्यांवरील प्रयोगांत पाल्यानें रक्तांतील साखर उतरल्याचें त्यांनीं त्यांत नमूद केलें. हे दोघे भोळे भाविक नव्हते, हेंही सांगितलें पाहिजे. पुढल्याच वर्षीं त्यांनीं सर्पदंशावर म्हणून देशांत वापरल्या जाणाऱ्या शेंकडों वनस्पतींचें परीक्षण प्रसिद्ध केलें, आणि त्यांपैकीं एकीचाही सर्पविषावर उपयोग होत नाहीं असा स्वच्छ निर्णय दिला. कीर्तिकर व बसु यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादनांतही ह्या दोघांचा हात होता. ज्या तराजूनें त्यांनीं सर्पदंशाचीं औषधें तोललीं त्याच तराजूनें बेडकीचा पाला तोलला. तेव्हां त्यांच्या शब्दास वजन आहे. तथापि प्राण्यांवर जें घडलें तेंच मनुष्यावर घडेल असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. वर सांगितलेली उंदराच्या जिभेची गोष्ट त्याची साक्ष आहे.

मनुष्यांवरील जे प्रयोग वारंवार पुढें केले जातात ते मद्रास येथले, १९९० सालीं प्रसिद्ध झालेले. दुसऱ्या प्रकारच्या २२ मधुमेह्यांस त्यांच्या नेहमींच्या गोळ्यांच्या जोडीला पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, असा १८ ते २० महिने देण्यांत आला. त्यांच्या रक्तांतील साखर उतरली. गोळ्यांचें प्रमाण कमी करतां आलें. आणि पांच जणांच्या तर गोळ्या सुटून केवळ अर्कावर भागलें. इन्शुलिन टोंचून घेणाऱ्या २७ रोग्यांसही तोच अर्क दिला असतां त्यांची इन्शुलिनाची गरज कमी झाली. बाटलीवरच्या जाहिरातींत ह्या पांच जणांचा मोठा डांगोरा पिटला जातो. तें ऐकून कोणाही मधुमेह्याच्या मनांत, ‘सहावा मी कां नसावा?’ असें आल्यावांचून राहत नाहीं.

ह्या ठिकाणीं थोडें थांबून विचार करूं, कारण शास्त्र ज्यास पुरावा म्हणतें तो कसा असतो हें कळण्यास ह्याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. गेल्या पालकसभेच्या दिवशीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील अशीच एक बाटली घेऊन आम्हांस भेटले. दोन महिने त्यांनीं तिच्यांतील गोळ्या घेतल्या होत्या. उपाशीपोटींची साखर बरीच उतरली होती. आणि आतां डॉक्टरांच्या गोळ्या सोडाव्या कीं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्हीं विचारलें, “ह्या दोन महिन्यांत दुसरें कांहीं बदललें का?” ते म्हणाले, “तसें कांहीं नाहीं, मास्तर. बाटलीवर लिहिलें होतें म्हणून चहांतली साखर बंद केली, आणि सकाळीं मंडईपर्यंत चालत जाऊन येतों.” आतां साखर उतरली ती पाल्यानें, कीं चालण्यानें, कीं सुटलेल्या साखरेनें? त्या गृहस्थांस तें सांगतां येणार नाहीं, आम्हांस येणार नाहीं, आणि त्यांच्या डॉक्टरांसही येणार नाहीं. शिवाय माणूस नव्या औषधाकडे वळतो तो बहुधा साखर अतिशय चढल्यावर. आणि फार चढलेली गोष्ट पुढच्या मापाच्या वेळीं थोडीबहुत उतरलेलीच सांपडते, औषध घ्या वा न घ्या.

म्हणून खरी परीक्षा घ्यावयाची ती अशी. रोग्यांचे दोन गट करावयाचे, व कोण कोणत्या गटांत जाईल हें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें, म्हणजे अधिक उत्साही लोक एकाच बाजूस जमणार नाहींत. एका गटास अर्काची गोळी, दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी पण आंत औषध नसलेली गोळी द्यावयाची. कोणास काय मिळालें हें रोग्यासही कळूं द्यावयाचें नाहीं व तपासणाऱ्यासही नाहीं. शेवटीं दोन्ही गटांतील फरक मोजावयाचा. मद्रासच्या प्रयोगांत अशा चिठ्ठ्या नव्हत्या, व फसव्या गोळ्याही नव्हत्या. प्रयोग करणारांचा प्रामाणिकपणा आम्ही शंकित नाहीं. परंतु त्या पांच जणांच्या गोळ्या सुटल्या त्यांत अर्काचा वांटा किती, हें त्यावरून ठरत नाहीं.

चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग पुढें झाले, पण ते आकारानें लहान आहेत. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोंतील एका प्रयोगांत २४ माणसें होतीं. पोट सुटलेलें, आणि साखर, चरबी व रक्तदाब यांची घडी बिघडलेली, परंतु औषध चालू नसलेलीं अशीं हीं माणसें. अर्ध्यांस अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसांतून दोनदां, व अर्ध्यांस फसवी गोळी, असें बारा आठवडे चाललें. अर्क घेणारांचें वजन कांहींसें घटलें व रक्तांतील एका प्रकारची चरबी उतरली. परंतु इन्शुलिनाचें निर्माण वाढलें नाहीं, आणि शरीर इन्शुलिनाचें अधिक ऐकूं लागलें असेंही दिसलें नाहीं. म्हणजे जाहिरातींत ज्या एका गोष्टीचा सर्वांत मोठा गवगवा असतो, तीच येथें आढळली नाहीं.

इन्शुलिनाविषयींचा तो गवगवा कोठून आला, तेंही पाहण्यासारखें आहे. स्वादुपिंडाच्या पेशी काढून कांचेच्या भांड्यांत ठेवल्या व त्यांवर ह्या पाल्याचा अर्क घातला, तर इन्शुलिन बाहेर येतें, हें खरें. पण लंडन येथील संशोधकांनीं १९९९ सालीं ह्याचा बारकाईनें तपास केला, तेव्हां त्यांच्या हातच्या अर्कानें पेशींचें आवरणच झिरपूं लागतें व आंतील इन्शुलिन गळून बाहेर येतें, असें त्यांस आढळून आलें. वर रिठ्याची गोष्ट ध्यानांत ठेवा म्हणून सांगितलें तें ह्याचसाठीं. रिठा तेलकटपणा मोडतो, आणि पेशीचें आवरण स्निग्ध द्रव्याचेंच असतें. त्या वर्गांतलीं द्रव्यें आवरणास भोंकें पाडतात. घागर फुटून पाणी वाहिलें तर त्यास कोणी झरा लागला असें म्हणत नाहीं. कांहीं निराळ्या रीतीनें काढलेले अर्क पेशींस इजा न करतां इन्शुलिन सोडवितात असेंही पुढें दिसून आलें आहे. तेव्हां अर्क कोणता, कसा काढलेला, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. आणि बाजारांतील दोन बाटल्यांतील अर्क एकच असेल ह्याची खात्री देतां येत नाहीं. पानें कोठलीं, कोणत्या ऋतूंत तोडलेलीं, पाण्यांत काढलेला अर्क कीं मद्यार्कांत, इतक्यानेंही त्यांतील जिम्नेमिक आम्लाचें प्रमाण बदलतें.

कोणी म्हणेल, तुम्ही झाडपाल्यास नांवें ठेवतां. तसें नाहीं. मधुमेहावर आज जगभर जी गोळी सर्वांत अधिक दिली जाते, ती मेटफॉर्मिन, तिचा उगम एका रानटी झुडपांतच आहे. युरोपांत गॅलेगा ऑफिसिनॅलिस नांवाचें, जांभळट फुलांचें एक झुडूप होतें. इंग्रजींत त्यास गोट्स रू म्हणतात. जुने लोक तें अनेक रोगांवर देत असत. त्यांत गॅलेगिन नांवाचें द्रव्य आहे, व त्यानें साखर उतरते, हें कळल्यावर १९२० नंतरच्या दशकांत तें मधुमेह्यांस देऊन पाहण्यांत आलें. परिणाम झाला, पण तो टिकेना, आणि द्रव्य विषारी ठरलें. हें झुडूप चरून मेंढ्या मरतात. येथें शास्त्रज्ञांपुढें दोन वाटा होत्या. ‘वनस्पति आहे, मग अपाय कसा होईल?’ असें म्हणून पाला विकीत बसणें ही एक. आणि त्या द्रव्याची घडण समजून घेऊन त्याच कुळांतलें परंतु सौम्य असें द्रव्य शोधणें ही दुसरी. मेटफॉर्मिन हें द्रव्य डब्लिन येथें १९२२ सालीं वेर्नर व बेल यांनीं तयार केलें. तें मधुमेह्यांस प्रथम दिलें पॅरिसच्या डॉ. झां स्टेर्न यांनीं, व १९५७ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या सरकारनें त्यास मान्यता दिली ती १९९४ सालीं. आणि इंग्लंडांतील हजारों रोग्यांवर अनेक वर्षें चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल १९९८ सालीं लागून, स्थूल मधुमेह्यांस ह्या गोळीनें हृदयविकारापासूनही कांहीं संरक्षण मिळतें, असें दिसून आलें. पाल्यापासून भरंवशाच्या गोळीपर्यंतचा प्रवास हा असा, पाऊणशें वर्षांचा. बेडकीच्या पाल्यानें ह्या वाटेवर अजून थोडींच पावलें टाकलीं आहेत.

बरें, घेतल्यानें तोटा तरी काय, असा प्रश्न पालकांच्या मनांत असेल. पहिला धोका असा कीं, पाल्यानें खरोखर साखर उतरत असेल, तर ती डॉक्टरांच्या गोळ्यांच्या किंवा इन्शुलिनाच्या जोडीनें वाजवीपेक्षां अधिक उतरूं शकते. अशा वेळीं दरदरून घाम येतो, हात कांपतात, भूक खवळते, बोलणें असंबद्ध होतें व शुद्धही हरपते. डॉक्टरांस न सांगतां अर्क सुरू केला, तर हें कशानें झालें हें त्यांस उमगत नाहीं. दुसरा धोका दुर्मिळ आहे, पण नोंदलेला आहे: हा पाला घेणाऱ्या एका मधुमेही रोग्याच्या यकृतास विषारी सूज आल्याची हकीकत २०१० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहे. तिसरा धोका बाटलीचा. झाडपाल्याचें म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या औषधांत आधुनिक गोळ्यांचीं द्रव्यें गुपचूप मिसळलेलीं आढळल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत. बाटली ‘लागू पडली’ ती पाल्यानें कीं चोरून घातलेल्या गोळीनें, हें घेणारास कळावयास मार्ग नसतो. मधुमेह बरा करतों अशी जाहिरात करण्यास आमच्या देशांत १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे, हेंही पालकांस ठाऊक असावें. तशी जाहिरात दिसली तर औषधाविषयीं नसली तरी ती देणाराविषयीं पुरेशी माहिती तेथेंच मिळाली असें समजावें.

परंतु सर्वांत मोठा धोका चौथा आहे, आणि तो बाटलीपेक्षां तिच्यामुळें जें सोडून दिलें जातें त्याचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यानें गोळ्या सोडल्या तर बहुधा त्यास त्या दिवशीं कांहींच होत नाहीं. दुखत नाहीं, खुपत नाहीं. साखर मात्र वर्षानुवर्षें चढी राहून डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा पोखरीत असते. ‘मला बरें वाटतें’ हें माप येथें कुचकामाचें आहे. मागील दोन तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एच-बी-ए-वन-सी ही रक्ताची तपासणी हेंच माप. आमच्या त्या पालकांस आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, बाटली जशीच्या तशी डॉक्टरांकडे न्यावी, दोन महिन्यांत काय काय बदललें तें सारें सांगावें, आणि गोळी कमी करावयाची झालीच तर ती त्यांनीं तपासण्या पाहून करावी. सकाळचें चालणें मात्र कोणासही न विचारतां चालू ठेवावें.

पहिल्या प्रकारच्या मुलांची गोष्ट मात्र निराळी, आणि तेथें वर्षांचा नव्हे तर दिवसांचा हिशेब असतो. ज्याच्या शरीरांत इन्शुलिन निर्माणच होत नाहीं, त्यास पाला, अर्क, कारल्याचा रस, यांपैकीं कशानेंही तें पुरवितां येत नाहीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन काढलें, त्यापूर्वीं अशीं मुलें महिन्यां-दोन महिन्यांत, फार तर दोनचार वर्षांत, झिजून मरत. १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें, तेव्हां तो हाडांचा सांपळा झाला होता. त्यानंतर तो तेरा वर्षें जगला. आजही अशा मुलाचें इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद केलें तर थोड्याच दिवसांत अतिशय तहान, वारंवार लघवी, ओकाऱ्या, धाप, आणि श्वासास पिकलेल्या फळासारखा वास, अशीं लक्षणें होऊन प्राणावर बेततें. आपल्या वर्गांत असा कोणी सोबती असेल, तर तो मधल्या सुटींत सुई टोंचून घेतो म्हणून त्याची थट्टा करूं नये. आणि त्यास एकाएकीं घाम सुटून तो गोंधळल्यासारखा दिसला व गिळण्याइतका शुद्धींत असला, तर तीन चार चमचे साखर पाण्यांत कालवून त्यास ताबडतोब पाजावी व शिक्षकांस बोलवावें.

शेवटीं, वनस्पतिशास्त्राच्या तासाला ज्यांस ह्या पाल्याचा जिभेवरील प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोड्या सूचना. वेल ओळखणाऱ्या शिक्षकानेंच पानें आणावीं. रुईच्या कुळांत विषारी वनस्पति पुष्कळ आहेत, व चुकून भलतेंच पान तोंडांत जावयाचें. पानें स्वच्छ धुवावीं. मधुमेहावर औषध घेणाऱ्यानें किंवा इन्शुलिन टोंचून घेणाऱ्यानें ह्यांत भाग न घेतां घड्याळ हातीं घ्यावें. दोन पानें चावून रस न गिळतां थुंकावा, पाण्यानें चूळ भरावी, आणि मग साखर, मीठ, चिंच व कारल्याची एक चकती अशीं क्रमानें चाखावीं. प्रत्येकाची रुचि पूर्वींसारखी लागली कीं नाहीं हें वहींत लिहावें. त्यानंतर दर पांच मिनिटांनीं साखरेचे केवळ दोन तीन दाणे जिभेवर ठेवून पाहावें, आणि गोडी पहिल्यानें कितव्या मिनिटास परतली तें ज्याचें त्यानें टिपून ठेवावें. सर्वांचे आंकडे सारखे येणार नाहींत.